ओढून घेतलेला सूर

वाचकहो, पन्नाशी उलटलेल्या मुख्याध्यापकाने माउथऑर्गन शिकायला घ्यावा, हे वाचून आपल्याला हसू येईल. आमच्या घरातही ते आवरले नाही. परंतु या उद्योगामागे एक जुने देणे आहे. ते आधी सांगितले पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही मराठीचे शिक्षक होतो. एकदा तास चालू असताना मागच्या बाकावरून सूर निघाला. आम्ही त्या मुलाचा माउथऑर्गन काढून घेतला, कपाटात ठेवला आणि "वर्ष संपले की ने" असे बजावले. वर्ष संपण्यापूर्वीच मुलाने शाळा सोडली व तो खनिजाच्या ट्रकवर कामाला लागला. पुढे आमची बदली झाली. ते वाद्य आमच्या सामानासोबत फिरत राहिले.

2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा पाळीच्या रस्त्यावरची ट्रकांची वर्दळ ओसरली. तो मुलगा प्रवासी बस चालवू लागला. गेल्या वर्षी त्याच बसमध्ये आमची गाठ पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची वस्तू त्याच्यापुढे ठेवली. ती न्याहाळून तो म्हणाला, "सर, म्हज्याकडेन दुसरो आसा. हो तुमीच वाजयात. हांव शिकयतां."

देवळातल्या भजनामुळे पेटीवर आमची बोटे थोडीफार फिरत होती. पेटी आणि माउथऑर्गन ही एकाच कुळातली भावंडे. दोहोंतही वाऱ्याने थरथरणारी धातूची पत्तीच बोलते. फरक एवढाच की इथे भाता आपल्या छातीचा. त्यामुळे हे सोपे जाईल, असा आमचा समज होता. तो पहिल्याच दिवशी उतरला.

आमच्या वाद्याला 10 छिद्रे व 20 पत्त्या आहेत. प्रत्येक छिद्रात एक सूर फुंकून निघतो, दुसरा श्वास ओढून. चौथ्या छिद्रापासून सा फुंकावा, रे ओढावा, ग फुंकावा, म ओढावा, असे धपर्यंत सुरळीत चालते. सातव्या छिद्राशी मात्र क्रम उलटतो: ध ओढला, त्यावर नीही ओढायचाच, आणि वरचा सा फुंकायचा. इथे आमचा महिना गेला. एका वेळी एकच छिद्र वाजावे म्हणून ओठ शीळ घातल्यासारखे करायचे, यात दुसरा महिना.

खरी अडचण त्यापुढची. खालच्या तीन छिद्रांत म आणि ध मुळात बसवलेलेच नाहीत. ते वाजवणाऱ्याने निर्माण करायचे: दुसऱ्या छिद्रातला ओढीचा प एक पूर्ण स्वर खाली वाकवला की म मिळतो, तिसऱ्यातला नी तसाच वाकवला की ध. पेटीतून मींड निघत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप; आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवले, त्यामागे हेही एक कारण होते. तिच्या या धाकट्या भावंडाला मात्र सूर वाकवता येतो.

आम्ही सर्व बळ लावून श्वास ओढला. पत्ती घुसमटून गप्प झाली. गुरू म्हणाला, "सर, जोर नाका. जोरान पत्ती मोडटा." जोर लावायचा नसतो, जिभेचा मागचा भाग किंचित खाली घेऊन तोंडातली पोकळी वाढवायची, श्वास तसाच सावकाश चालू ठेवायचा. मग त्याच छिद्रातली, एरवी फुंकल्यावर बोलणारी पत्तीही जागी होते, आणि सूर आपसूक खाली उतरतो.

तीस वर्षे आम्ही वर्गात कोणता उपाय वापरला, हे त्या क्षणी आठवले. गप्प झालेल्या मुलांना आम्ही शिस्त लागली असे समजत आलो. त्यांतला एक आता आमच्यासमोर बसून आमची चूक न रागावता सुधारत होता. त्याने शाळा का सोडली, हे आम्ही परवा प्रथमच विचारले. घरची ओढाताण, असे तो म्हणाला. माउथऑर्गनचे नाव त्याने काढले नाही. आम्हीही काढू शकलो नाही.

गेल्या रविवारी ध एकदाचा लागला. आम्ही मोठ्या आशेने गुरूकडे पाहिले. तो म्हणाला, "ध बरो आयलो, सर. म अजून मात्सो चडटा."

आम्ही पुन्हा श्वास ओढला, या वेळी सावकाश.