एका चित्राने भविष्य कळत नाही: आनुवंशिक स्मृतिभ्रंश आणि मेंदूचे प्रतिमांकन

स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा विकार आहे, ही समजूत काही कुटुंबांपुरती साफ खोटी ठरते. एपीपी, पीएसईएन-१ किंवा पीएसईएन-२ या जनुकांपैकी एकात विशिष्ट दोष असेल, तर अल्झायमरची लक्षणे बहुधा साठीच्या आत, कधी तर तिशीतच दिसू लागतात. प्रत्येक अपत्याकडे तो दोष जाण्याची शक्यता ५० टक्के असते. अशी कुटुंबे थोडी आहेत. परंतु लक्षणांपूर्वी मेंदूत काय घडते, हे शास्त्राला सर्वांत स्पष्टपणे त्यांच्यामुळेच कळले.

२००८ मध्ये अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘डायन’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने बाधित पालकाला लक्षणे दिसली ते वय अपत्यासाठी अंदाजी घड्याळ मानले. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड प्रथिनाचा साठा अपेक्षित लक्षणांच्या सुमारे १५ वर्षे आधी दिसत होता. मेंदूची झीजही त्याच सुमारास सुरू झालेली होती. स्वभाव आणि भाषा आधी बिघडवणाऱ्या आनुवंशिक फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशातही करड्या द्रव्याची घट किमान १० वर्षे आधी आढळली, असे ‘जेनफी’ या युरोप-कॅनडातील अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवले.

मात्र यावरून ‘एक स्कॅन काढा, भविष्य कळेल’ असा अर्थ काढणे चूक आहे. मेंदूच्या बाह्यकाची सरासरी जाडी सुमारे अडीच मिलिमीटर, तर नेहमीच्या एमआरआय चित्राचा एक ठोकळा सुमारे एक मिलिमीटरचा. वर्षभरातील झीज त्या ठोकळ्याच्या लहानशा अंशाएवढी असते. यंत्र बदलले, सॉफ्टवेअर बदलले किंवा रुग्णाने डोके किंचित हलवले, तरी तेवढा फरक पडू शकतो. म्हणून अर्थ एका बिंदूत नसून उतारात आहे: तीच व्यक्ती, तीच पद्धत, अनेक वर्षे.

अशा चिकाटीच्या मोजणीची परंपरा बेंगळुरूत रुजली आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्यात ४५ वर्षांवरील १०,००० ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करण्याच्या उद्दिष्टाने काम करते. १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाचा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पही याच केंद्राच्या समन्वयाखाली झाला. हे काम मोलाचे आहे. पण आनुवंशिक कुटुंबांतील बदल पंचेचाळिशीपूर्वीच सुरू झालेले असू शकतात. लोकसंख्येचा अभ्यास त्यांची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्यासाठी विशीपासून नोंद ठेवणारा, कुटुंबनिहाय अभ्यास हवा.

त्याचे दार संशोधन संस्थेत नव्हे, साध्या बाह्यरुग्ण विभागात उघडले पाहिजे. संस्थेपासून काही किलोमीटरवर, राजाजीनगरात, कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी मोठे ईएसआय रुग्णालय आहे. चाळिशीतला कामगार हिशेबात चुकू लागला, विनाकारण संतापू लागला, तर कुठेही त्याला तणाव, दारू किंवा घरातला कलह असे नाव मिळणे सहज शक्य आहे. तिथे ‘तुमच्या वडिलांना, आत्याला, आजोबांना असे काही झाले होते का?’ एवढा प्रश्न विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. या प्रश्नावाचून कोट्यवधींचा स्कॅनर योग्य मेंदूपर्यंत पोहोचणारच नाही.

आणि त्या मेंदूच्या मालकाला नकाराचा अधिकार हवा. ‘डायन’मध्ये सहभागी होण्यासाठी स्वतःचा जनुकीय निकाल जाणून घेण्याची सक्ती नाही. हा विकार थांबवणारे औषध हाती नसताना, लग्नाच्या उंबरठ्यावरील मुलीने तो निकाल ऐकायचा की नाही, हे तिनेच ठरवायचे. सासरने नव्हे, मालकानेही नव्हे. आनुवंशिक विकाराच्या सबबीखाली आरोग्यविम्याचे दावे नाकारू नयेत, असे विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना बजावले. परंतु जनुकांवरून नोकरी वा आयुर्विम्यात भेदभाव होऊ नये, यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही.

तो कायदा आधी आणि अभ्यास नंतर, असा क्रम लावला तर आणखी एक पिढी हातची जाईल; कायद्यावाचून अभ्यास केला तर विश्वास जाईल. दोन्ही बरोबरच व्हायला हवेत. ही कुटुंबे शास्त्राला आपल्या आयुष्याची वीस-वीस वर्षे देतात. निदान त्या वर्षांचा त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर होणार नाही, एवढी हमी त्यांना मिळाली पाहिजे.