बांधाचा तंटा ‘खासगी’ नव्हे

वसई-विरारच्या पट्ट्यात बांधाचा तंटा उपस्थित झाला की पुढारी मंडळींचे उत्तर ठरलेले असते: हा दोन शेजाऱ्यांमधला खासगी मामला आहे, त्यांनी तो सामंजस्याने मिटवावा. पक्षाच्या शाखांमधूनही हेच ऐकू येते आणि त्याचे कारण उघड आहे. वादी आणि प्रतिवादी दोघेही मतदार असतात, पुष्कळदा दोघेही सभेला येणारे असतात. एकाची बाजू घेतली तर दुसरा दुरावतो. म्हणून कार्यकर्ता दोघांच्याही ओटीवर चहा घेतो, दोघांनाही ‘बघू या’ म्हणतो आणि सभेच्या तयारीला निघून जातो. या अलिप्ततेस तटस्थता असे भारदस्त नाव देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः दोन लहान जमीनधारक कोर्टकचेरीत झिजत असताना त्यांच्या झिजण्यावर डोळा ठेवून बसलेल्या तिसऱ्यास केलेले ते साहाय्य असते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हाच बांधाच्या आणि पाणपाळीच्या भांडणांवर कुळकर्ण्यापासून वकिलापर्यंत कोणाकोणाचे पोट भरते हे दाखवून दिले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. खाणाऱ्यांची नावे तेवढी बदलली.

हा तंटा मुळात निर्माण कशातून होतो? शेजारी लोभी आहे, हे उत्तर सोपे आहे आणि काही प्रकरणी ते खरेही असेल. परंतु लोभाला शिरकाव करू देणारी फट सरकारी दप्तरातच आहे. इंग्रजी अमदानीतील मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली जाई आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित अधिक. आज भांडण चालते ते हात-दीड हाताचे. ज्या मापाचा आणा दोन फुटांचा, त्या मापावर उभे राहिलेले दप्तर हातभर जागेचा निवाडा कितपत नेमका करणार? आणि ही हातभर जागा आता क्षुल्लक राहिलेली नाही. अकरा साखळ्यांचा, म्हणजे ३६३ फूट लांबीचा बांध तीन फूट सरकला की पुरा एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, इकडचा तिकडे होतो. केळीच्या वाडीत या गुंठ्याचे मोल लोंगरांवर ठरत असे. इमारतींच्या बाजारात ते चौरस फुटावर ठरते.

दुसरी फट याहून मोठी आहे. सर्व्हे नंबराच्या बाहेरच्या हद्दी मोजलेल्या आहेत. पण नंबराच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या वाटण्या पुष्कळ ठिकाणी सातबारावर नावे चढवून थांबल्या. नाव आहे, क्षेत्र आहे, आकार आहे. नकाशावर रेघ नाही. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालक केले, ही स्वतंत्र भारतातील मोठी घटना होय. परंतु एखाद्या नंबराचा तुकडा कसणारे कूळ मालक झाले, तेव्हा त्या तुकड्याची हद्द दगड रोवून कायम करून देण्याचे काम अनेक ठिकाणी राहून गेले. जाणती माणसे होती तोवर ताडाच्या किंवा चिंचेच्या खुणेवरून मेर सांगितली जाई. माणसे गेली, ताडही पडला, आणि नातवांच्या हाती उताऱ्याचा कागद राहिला. अशा वेळी दोन चुलतभाऊ काठ्या घेऊन बांधावर उभे राहिले, तर त्यांना समंजसपणाचे धडे देण्याआधी शासनाने आपले राहून गेलेले काम आठवावे.

हद्द ठरवून घेण्याचा मार्ग कायद्याने दिलेला आहे, हे खरे. तो मार्ग कसा आहे पाहा. हद्दकायम मोजणीचा अर्ज करावा, फी भरावी, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाव्यात, भूकरमापक यावा. २०२४ च्या अखेरीस लागू झालेल्या दरांनुसार ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीस २,००० रुपये आणि द्रुतगती मोजणीस ८,००० रुपये. महापालिका हद्दीतील दर याहून चढा. आणि ३ जुलै २००९ रोजी महापालिका स्थापन झाली तेव्हा वसईची अनेक गावे त्या हद्दीत ओढली गेली. काम तेच, नकाशा तोच, भूकरमापकही तोच. चौपट पैसे मोजणाऱ्याचा बांध आधी मोजला जातो. सार्वजनिक दप्तरातील रांग अशी उघडपणे विकली जाते आणि तिचा कोणाला संकोचही वाटत नाही. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, तीही मान्य नसेल तर सुपर निमताना. एवढे करून हाती येतो तो नकाशा. शेजाऱ्याने ताबा सोडला नाही तर पुन्हा दिवाणी न्यायालयाचा उंबरठा, आणि न्यायालय जागेची स्थिती पाहण्यासाठी कोर्ट कमिशनर म्हणून बहुधा त्याच भूमी अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्यास धाडते! ज्या दारातून शेतकरी बाहेर पडला, त्याच दारात त्याला काही वर्षांनी वकिलाची फी भरून परत आणून सोडले जाते. दरम्यान बारा वर्षांची मुदत भरली, तर अतिक्रमण करणारा प्रतिकूल कब्जाचा हक्क सांगण्यास मोकळा.

येथे तिसऱ्याचा प्रवेश होतो. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी वसईकर त्याच सुमारास रस्त्यावर उतरले होते, आणि तो लढा जमिनीच्या या भुकेविरुद्धच होता. वाडी विकत घेणाऱ्यास वादात सापडलेली जमीन नकोशी असते असा एक भाबडा समज आहे. वाद ही त्याच्या दृष्टीने सवलत असते. दाव्याला थकलेला एक भाऊ पडत्या भावाने आपला हिस्सा लिहून देतो; मग दुसऱ्यापुढे वकिलांचा ताफा बाळगणारा नवा शेजारी उभा राहतो, आणि वर्षा-दोन वर्षांत तोही सही करतो. मग मात्र हद्द फार लवकर सापडते.

नालासोपाऱ्यानजीक आचोळे येथे काय घडले? मलनिःसारण प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या आणि खासगी मालकांच्या जमिनीवर तब्बल ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानंतर, २०२५ च्या आरंभापर्यंत, त्या पाडण्यात आल्या, आणि पै-पै साठवून घर घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. ४१ इमारतींचा पाया खणला जात असताना ज्या यंत्रणेला हद्द दिसत नाही, ती यंत्रणा वाडीवाल्याला हातभर जागेसाठी निमतान्याच्या फेऱ्या घालायला लावते!

वसईच्या पश्चिम पट्ट्यात या प्रश्नाला पाण्याचीही बाजू आहे. येथील बांध जमीन वेगळी करतो तसा पाण्याला वाटही देतो. एका बावखलावर अनेक वाड्या पोसल्या गेल्या. ते कोणाच्या हिश्शात पडते हा प्रश्न पूर्वी गौण होता. आज एका हिस्सेदाराने भराव टाकला की बावखल बुजते, जमीन उंचावते आणि आषाढातले पाणी शेजाऱ्याच्या वाडीत साचते. नकाशाप्रमाणे तो आपल्या हद्दीतच असतो, एक इंचही पुढे सरकलेला नसतो. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा असे किती भराव पाण्याच्या वाटेत होते याचा हिशेब बांधाबांधावर मांडायला हवा होता.

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२३ मधील सलोखा योजनेने, बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या नावची शेतजमीन एकमेकांच्या ताब्यात असल्यास, अदलाबदलीच्या दस्तास १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी एवढ्यावर वाट दिली. २०२५ मध्ये कौटुंबिक वाटणीतील पोटहिस्सा मोजणीची फी २०० रुपयांवर आणली गेली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. लहान धारकाला फी परवडत नव्हती याची ती कबुलीही आहे. परंतु सलोखा योजना बिनशेती जमिनीस लागू नाही, म्हणजे वसईत तंटा जेथे सर्वांत तीव्र आहे तेथेच ती थांबते. आणि २०० रुपयांची सवलत कुटुंबातल्या वाटणीला. बांधापलीकडचा शेजारी नात्यातला नसेल तर जुनाच दर. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने काही गावांत चांगले काम केले. तथापि हद्दीची रेघच अस्तित्वात नसताना मिटवलेला तंटा मुलांच्या पिढीत पुन्हा उकरला जातो.

मागणी म्हणून गावनिहाय पोटहिस्सा मोजणी शासनाच्या खर्चाने व्हावी, एवढी एकच मांडावी आणि ती नेटाने मांडावी. ती पुरी होईपर्यंत शाखांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. भांडण पेटण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांना एका अर्जावर आणणे, फी निम्मी-निम्मी वाटणे, भूकरमापक येईल त्या दिवशी जाणत्या माणसांसह दोन्ही घरे बांधावर हजर ठेवणे, रोवलेला दगड रातोरात हलणार नाही यावर गावाची नजर ठेवणे, ही कामे भाषणाहून कठीण आहेत. त्यात एखादे मत गमवावेही लागेल. आपल्या माणसाचा बांध चुकीचा निघाला तर त्याला तोंडावर तसे सांगावे लागेल. वाट किंवा पाणी अडवले गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि तेथे जमिनीच्या मालकीचा सारा इतिहास उकरावा लागत नाही. पण त्यासाठी मुदत सहाच महिन्यांची आहे. जूनमध्ये पडलेल्या भरावाविरुद्धचा अर्ज डिसेंबरातली तीच तारीख उलटण्यापूर्वी गेला पाहिजे, आणि ‘घरचा मामला आहे, गणपतीनंतर बघू’ म्हणणारा कार्यकर्ता त्यातले तीन महिने सहज खाऊन टाकतो.