मन मोकळे करण्यापूर्वी

परभणीसारख्या जिल्ह्यात घरातले माणूस आजारी पडले, तर त्याला कोठे न्यायचे हे ठरवायला वेळ लागत नाही. छातीत कळ आली की हृदयरोगतज्ज्ञ, हाड मोडले की अस्थिरोगतज्ज्ञ; परभणीत भागले नाही तर नांदेड, तेथेही नाही तर छत्रपती संभाजीनगर. सेलूपासून पालमपर्यंत प्रत्येक घराला हा मार्ग तोंडपाठ आहे. परंतु लातूरच्या शिकवणी वर्गातून परतलेला सतरा वर्षांचा मुलगा खोलीचे दार लावून बसू लागला, बाळंतपणानंतर सून महिनोन्‌महिने हसेनाशी झाली, अथवा निवृत्तीनंतर वडिलांना पहाटे तीनलाच जाग येऊन त्यांचा जीव घाबरू लागला, की हीच जाणती माणसे गोंधळून जातात. आधी दृष्ट काढली जाते, मग नवस बोलला जातो, मग ओळखीच्या दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणल्या जातात. शेवटी कोणीतरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव सुचवतो आणि काहीही ठाऊक नसताना घरातले लोक त्याच्या दारात उभे राहतात. अपेक्षा चमत्काराची असते. तो दोन भेटींत घडला नाही, की ‘नुसत्या गप्पांचे पैसे घेतात’ असा निकाल देऊन उपचार सोडला जातो.

या घाईची किंमत रुग्ण मोजतो. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. दर दहा प्रौढांमागे साधारण एकास कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे त्यात आढळले आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपल्याकडील चित्र वेगळे असेल, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये. त्यांतील एकही मराठवाड्यात नाही. जेथे मुळात सोय तुटपुंजी आहे, तेथे मिळालेला उपचार अज्ञानापायी अर्धवट सोडणे परवडणारे नाही. म्हणून उपचाराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी काही गोष्टी माहीत हव्यात. त्यांतील काही तज्ज्ञाविषयी आहेत, काही आपल्या स्वतःविषयी. या दुसऱ्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो. तो औषधे देतो आणि रुग्णास रुग्णालयात दाखल करून घेऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, हा मानसशास्त्राचा अभ्यासक असून त्याने रुग्णांसमवेत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेतलेले असते. तो मानसशास्त्रीय चाचण्या घेतो आणि संवादाच्या शास्त्रीय पद्धतीने उपचार करतो. गोळ्या लिहून देत नाही. समुपदेशक ही तिसरी पाटी. तिच्यामागे पदव्युत्तर शिक्षण असू शकते, पदविका असू शकते, किंवा काही आठवड्यांचा वर्गही असू शकतो. तेव्हा शिक्षण विचारणे हा आपला हक्क आहे.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे, याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले शिक्षण ही त्याची कसोटी. आजवर एम.फिल. ही या शाखेची ओळखीची पदवी होती. आता अभ्यासक्रमांची नावे बदलत आहेत, म्हणून पदवीच्या आद्याक्षरांपेक्षा परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतील क्रमांक पाहावा. १९९२ च्या परिषद कायद्यानुसार अशा नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक, उपचाराची पद्धत, प्रत्येक भेटीचे शुल्क, भेट चुकल्यास काय, आणि किती भेटींनंतर प्रगतीचा आढावा घेणार, एवढे विचारून घ्यावे. हा उद्धटपणा नव्हे. खरा तज्ज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, अथवा ‘अमुक दिवसांत हमखास गुण’ असे आश्वासन देतो, त्याच्यापासून दूर राहणे हिताचे.

आता उपचाराचे स्वरूप. एक भेट साधारण पाऊण ते एक तासाची, आणि बहुधा आठवड्यातून एकदा. पहिल्या एक-दोन भेटी पूर्वेतिहास जाणून घेण्यात जातात. त्यात उपदेश नसतो, म्हणून पुष्कळांची निराशा होते. पण उपदेश करायला आपल्याकडे माणसे कमी आहेत काय? तज्ज्ञ काही वेगळे करतो. ‘परीक्षेत नापास झालो म्हणजे मी कवडीमोलाचा’ हा विचार मुलाच्या मनात कसा रुजला आणि तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे तो त्याच मुलाला तपासायला शिकवतो. दोन भेटींच्या मधल्या काळात करायचा गृहपाठही देतो. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अशीच एक पद्धत मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती अभ्यासली आणि ‘विवेकनिष्ठ’ या नावाने मराठीत रुजवली. नैराश्य वा चिंतेसारख्या आजारांत अशा उपचाराच्या बारा ते वीस भेटी लागणे सर्वसामान्य आहे. मधल्या काही भेटींनंतर रुग्ण अधिक अस्वस्थ वाटला, तरी लगेच घाबरू नये. जुनी जखम धुताना झोंबते. ही अस्वस्थता मात्र तज्ज्ञाला अवश्य सांगावी.

बोलण्यासाठी इंग्रजी शब्दांची गरज नाही. आपल्याकडची माणसे दुःख शरीराच्या भाषेत सांगतात: करमत नाही, डोक्याला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. हेच शब्द तज्ज्ञाला हवे असतात. म्हणून आपली बोली समजणारा तज्ज्ञ निवडावा. दूरध्वनीवरच्या चित्रफितीतून मिळालेले ‘डिप्रेशन’, ‘अँग्झायटी’ हे शिक्के घरीच लावून घेऊन जाऊ नये. जवळ तज्ज्ञ नसल्यास आता जिंतूर वा सोनपेठला बसून पुण्याच्या तज्ज्ञाशी व्हिडिओद्वारे बोलता येते. त्यासाठी बंद दाराची एक खोली मात्र लागते आणि दोन खोल्यांच्या घरात तेवढे एकांताचे स्थळ मोकळे करून देणे हे घरच्यांचे काम आहे.

येथून आपल्या स्वतःविषयीच्या गोष्टी सुरू होतात. ‘एकत्र कुटुंब, कीर्तन, वडीलधारी माणसे असलेल्या समाजाला पैसे देऊन बोलण्याची गरज काय?’ असा प्रश्न आपल्या वर्तुळात हमखास विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे. दुःखाचा भार हलका करण्याचे सामर्थ्य कुटुंबात आणि श्रद्धेत निश्चित आहे. कोणताही समंजस तज्ज्ञ ते नाकारत नाही, उलट त्याचा आधार घेतो. परंतु घरातील माणूस कितीही प्रेमळ असला, तरी तो त्या घराच्या व्यवहारातला एक पक्ष असतो. सुनेने सासूविषयीची घुसमट सासूपाशी कशी बोलावी? वडिलांच्या अपेक्षांनी दबलेल्या मुलाने ती गोष्ट वडिलांना कशी सांगावी? तज्ज्ञ हा परका असतो, हाच त्याचा उपयोग. म्हणूनच आपला नातलग, मित्र किंवा एकाच संस्थेतला सहकारी तज्ज्ञ असला, तरी त्याच्याकडे उपचार घेऊ नयेत. त्याने सुचविलेल्या दुसऱ्याकडे जावे. बाजारात समोर आल्यावर तज्ज्ञाने ओळख दाखवली नाही, लग्नाचे आमंत्रण नम्रपणे नाकारले, तर राग मानू नये. तो तुमचे गुपित राखत असतो.

गुपित राखणे हा तर या उपचाराचा पाया आहे. २०१७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश, इतर उपचारकांना उपचारापुरती द्यावी लागणारी माहिती, असे काही. बालकावरील लैंगिक अत्याचार उघड झाला, तर २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे. हे अपवाद तज्ज्ञाने आधीच सांगावेत, न सांगितल्यास आपण विचारावेत. पण कायदा तज्ज्ञाच्या तोंडाला कुलूप लावू शकतो. घराच्या तोंडाला कोण लावणार? मुलगा तासाभराने बाहेर आला, की ‘काय विचारले? आमच्याविषयी काय सांगितलेस?’ अशी उलटतपासणी सुरू होते. संध्याकाळपर्यंत ती बातमी मावशीकडे आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीत पोहोचते. पुढच्या भेटीत तो मुलगा खरे बोलेल का? परभणी काय, मानवत काय, गावे लहान आहेत आणि लग्ने ओळखीतून ठरतात. या भीतीपोटीच मुली उपचाराला जात नाहीत. त्या भीतीलाही कायद्यात उत्तर आहे: केवळ मानसिक आजाराचे निदान झाले, म्हणून कोणी ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही; तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. तेव्हा घराने तीन गोष्टी द्याव्यात: भेटीचे पैसे, जाण्यायेण्याचा वेळ आणि मौन. यांत मौन सर्वांत स्वस्त, आणि तेच आपल्याला सर्वांत जड जाते.

काही प्रसंगी मात्र संवादोपचाराने सुरुवात करू नये. नसलेले आवाज ऐकू येणे, अनेक रात्री डोळ्याला डोळा न लागणे, मरणाची भाषा बोलणे, असे काही दिसले तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. थायरॉइडचा दोष किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरताही उदासीचे रूप घेते. म्हणून शरीराची तपासणीही करून घ्यावी. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६; तेथे दिवसरात्र मराठीतही बोलता येते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी २०१५ साली राज्य शासनाने ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला. त्यात परभणी जिल्ह्याचाही समावेश झाला आणि मन खचलेला माणूस घरोघरी जाऊन ओळखण्याचे काम आशा कार्यकर्तींवर सोपवले गेले. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला गुन्हेगार समजू नये. तो तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे कायदा सांगतो. तथापि बाह्यरुग्ण भेटी बहुतेक पॉलिसींत नसतात, म्हणून कागद नीट वाचावा.

गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एक शब्द. घराघरांत आपला वावर असतो, म्हणून लोक मनातले आपल्याजवळ बोलतात. अशा वेळी आपणच तज्ज्ञ होऊ नये. ‘मन खंबीर कर’ हे वाक्य तापलेल्या माणसाला ‘ताप सोड’ म्हणण्यासारखे आहे. ऐकावे, योग्य दार दाखवावे, गरज पडली तर बसचे भाडे द्यावे, सोबत जावे आणि बाहेरच्या बाकावर बसून राहावे. परतीच्या वाटेवर पावसापाण्याच्या गोष्टी कराव्यात. आत काय झाले, हे विचारू नये.