गेटवर राहिलेला डबा अन् आतला कोरियन कॉर्नडॉग

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण वॉटरपार्कच्या गेटवर आपला डबा सोडून ज्यांनी आत पाय टाकला, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मागच्या रविवारी बहीण अन् तिचे पोट्टे अकोल्यावरून आले. "मामा, पार्कमध्ये इंटरनॅशनल फूड झोन आला, रीलवर पाह्यलं," म्हणून दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी गेलो. आई, बहीण, दोन पोरं अन् मी. पार्कचं नाव लिहीत नाही. हा प्रश्न एका पार्कचा नाही, अन् मला कोणाची बदनामी करायची नाही.

गेटवर बॅगा उघडायला लावल्या. आईनं पहाटे पाचला उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी अन् सांबारवडी केली होती. सिक्युरिटीचा पोरगा म्हणाला, "मावशी, डबा अंदर चालत नाही. इथंच ठेवा, जाताना घेऊन जा." पाण्याच्या बाटल्याही काढून घेतल्या. आई म्हणे, "अरे बावा, मले शुगर हाय. मी तुमचं ते आतलं काय खाऊ?" पोरगा खाली पाहून म्हणाला, "माह्या हातात नाही मावशी." त्याच्यावर माझा राग नाही. तो आपल्याच इकडचा पोरगा, दिवसभर उन्हात उभा.

आत गेलो. सहा स्टॉल, सहा देशांचे झेंडे. कोरियन कॉर्नडॉग, मेक्सिकन नाचोज, स्पॅनिश चुरोज, तैवानचा बबल टी, तुर्की आइस्क्रीम अन् इटालियन म्हणून एक निळंशार सरबत. खोटं कशाला बोलू, कॉर्नडॉग बरा होता. तुर्की आइस्क्रीमवाला कोन देतो-देतो म्हणून हुलकावणी देतो, पोरं पोट धरून हसली, त्याचे दीडशे वसूल. बबल टीच्या तळाशी ज्या काळ्या गोळ्या असतात, त्या टॅपिओकाच्या. म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच कंद. एकादशीला घरी फुकट मिळतो तो ऐवज २२० रुपयांना प्यालो. बाकी सगळ्यांवर तेच मेयोनीज अन् तोच लाल सॉस. मागच्या बाजूनं चक्कर मारली तर स्टॉल सहा अन् तळण्याची कढई एक. अख्खं जग एकाच तेलात!

बिल सांगतो. दोन कॉर्नडॉग ३६०, दोन बबल टी ४४०, चुरोज १५०, नाचोज २००, दोन आइस्क्रीम ३००, अन् पाण्याच्या चार बाटल्या १६०. एकूण १६१० रुपये. तिकिटं वेगळी. अन् यात आईच्या पोटात काय गेलं? पाणी.

दुपारी दोनला तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले. ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांना हे काय असतं ते सांगायला नको. तिला सावलीत बसवून साखरेचं पाणी पाजलं अन् मी गेटकडे पळालो. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "सर, पॉलिसी आहे." शेवटी त्याच सिक्युरिटीच्या पोरानं आपली खुर्ची दिली. गेटच्या बाजूला, चपला अन् बॅगांच्या ढिगाजवळ बसून आईनं तिच्याच हातच्या दोन दशम्या खाल्ल्या.

आता काही जण म्हणतील, तुम्हाला परदेशी खाणं खुपतं. नाही हो. आपली शेगावची कचोरी तरी कुठं वऱ्हाडी होती? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं ती शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली, अन् आज आपण पाहुण्याला अभिमानानं खाऊ घालतो. ठेच्यातली मिरची अन् आलुभोंड्यातला आलू, दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेले. बाहेरचं येऊ द्या, पोरांनी चाखू द्या. माझं भांडण आपल्या डब्याला बाहेर काढण्याशी आहे.

अन् हे ज्यांची नक्कल करतात, ते स्वतः काय करतात तेही पाहा. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाचं पार्क आहे, १९८२ पासून. तिथं ११ देशांचे मंडप आहेत (भारताचा नाही, ते सोडा), अन् १९९५ पासून देशोदेशींच्या खाण्याचा उत्सव भरतो. तिथल्या कोका-कोलाच्या दुकानात वेगवेगळ्या देशांतली पेयं छोट्या कपात फुकट चाखायला मिळतात. त्यात बेव्हर्ली नावाचं एक इटालियन पेय इतकं कडू होतं की लोक मुद्दाम नव्या माणसाला पाजायचे अन् त्याचं तोंड पाहायचे. पण मुद्दा हा नाही. मुद्दा हा की त्या डिस्नेत घरून खाण्याचा डबा न्यायला परवानगी आहे! काचेची भांडी अन् दारू मात्र नको. पाणीही तिथं काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. जगातला सगळ्यात मोठा पार्कवाला दशमीला घाबरत नाही, अन् आमचे घाबरतात.

साहेब मला कोर्टाचं सांगत होते. तर ऐका. २०१८ च्या पावसाळी अधिवेशनात, जे आपल्या नागपुरात झालं, मल्टिप्लेक्समध्ये घरचं खाणं नेता येईल असं राज्यमंत्र्यांनी सांगितलं. महिनाभरात त्याच सरकारनं हायकोर्टात सुरक्षेचं कारण देऊन हात वर केले. पुढे ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सिनेमागृहवाला बाहेरचं खाणं अडवू शकतो. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्या, तान्ह्या लेकराचं खाणं अडवू नका. साहेबांना निकालाचा अर्धाच भाग पाठ होता. शिवाय सिनेमा तीन तासांचा असतो, तोही एसीत. पार्कमध्ये माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उन्हात असतो. दोघांना एकच माप कसं लावता?

ऊन म्हणजे कुठलं, तर वऱ्हाडातलं. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं. कामगारांना प्यायला पाणी द्या, असा त्यात मालकांना आदेश होता. तिथं पाणी काढून घेऊन ४० रुपयांची बाटली विकणं हा धंदा नाही, ही अडवणूक आहे.

अन् संत्रा? मृग बहाराचा माल अजून बाजारात आहे. वरुड-मोर्शीचा शेतकरी भावासाठी रडतो, बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हापासून तर जास्तच. कारखानदार म्हणतात, नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू पडतो. खरं आहे, पडतो. पण डोळ्यांसमोर पिळून लगेच हातात दिला तर कुठं कडू होतो? जत्रेतला हातगाडीवाला हेच करतो. संत्र्याच्या जिल्ह्यातल्या पार्कात रंग टाकलेलं निळं पाणी मिळतं अन् संत्र्याचा ग्लास मिळत नाही, याची मालकाला लाज वाटत नसेल तर आपण वाटून द्यावी.

मागणी फार मोठी नाही. गेटच्या आत फुकट, थंड पिण्याचं पाणी. म्हातारे, आजारी अन् लेकरांचा डबा आत. ज्यांना कचऱ्याची भीती आहे त्यांनी डबा खायला एक शेड बांधावं, कचरा आम्ही उचलू. अन् सहा झेंड्यांच्या बाजूला एक गाळा गावच्या बचत गटाला, गिला वडा, सांबारवडी, उकडपेंडी अन् संत्र्याच्या रसासाठी. पोट्टे काय आधी संपवतात ते तिथंच कळेल.

जिल्हाधिकारी अन् अन्न व औषध प्रशासनाच्या नावानं अर्ज लिहून ठेवला आहे. ज्यांचा डबा किंवा पाणी गेटवर काढून घेतलं, त्यांनी तारीख अन् तिकिटाचा फोटो इनबॉक्समध्ये पाठवा. पन्नास जमले की अर्ज घेऊन जातो. आई सोबत येणार आहे, डबा घेऊन.