आळीमिळी गुपचिळी

प्रास्ताविक

किशोरवयीन वाचकांना रहस्यकथांचे मोठे आकर्षण असते. या कथांमध्ये गुन्ह्याचा शोध असतोच. पण त्याबरोबर मित्रांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासाचीही परीक्षा असते. मित्राचे गुपित कोठपर्यंत पाळावे, या प्रश्नाचा काही प्रसिद्ध कथांच्या आधारे प्रस्तुत लेखात विचार केला आहे. वाचताना तुमचे स्वतःचे अनुभवही त्याच्याशी ताडून पाहा.

मूल पाठ

खेळता खेळता शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फुटते. शेजारी बाहेर येऊन विचारू लागतात. पाच-सहा मुले खाली मान घालून उभी राहतात. कोणीच बोलत नाही. ‘आळीमिळी गुपचिळी’ असे आधीच ठरलेले असते. लहानपणी अशा गुप्ततेत आपण सर्वच कधी ना कधी सामील झालेलो असतो आणि त्या वेळी आपल्याला मैत्रीचा खरा आनंद लाभलेला असतो.

हाच वाक्प्रचार मोठ्यांच्या जगात मात्र वेगळ्या अर्थाने येतो. एखादा गैरव्यवहार सर्वांना ठाऊक असावा, पण कोणीही त्याविषयी बोलू नये, अशा मौनालाही आपण ‘आळीमिळी गुपचिळी’ असेच म्हणतो. बालपणी जी मैत्रीची खूण असते, तीच मोठेपणी संगनमताची खूण ठरते. हा बदल नेमका केव्हा होतो? माझ्या मते तो किशोरवयात होतो आणि त्याचे सर्वांत प्रामाणिक चित्र जर कोठे पाहायला मिळत असेल, तर ते किशोरांसाठी लिहिलेल्या रहस्यकथांत.

रहस्यकथा म्हणजे केवळ वेळ घालवण्याचे साधन, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या हातातील असे पुस्तक काढून घेतले जाते. परंतु या कथांचा कणा कोणता, हे नीट पाहिले तर तो समज टिकत नाही. चोर कोण, हा त्यांतील वरवरचा प्रश्न असतो. त्याखाली दुसरा प्रश्न दडलेला असतो : कोणावर विश्वास ठेवावा?

या कथांची पहिली पायरी खेळाची आहे. एनिड ब्लायटन यांची ‘सीक्रेट सेव्हन’ ही मालिका १९४९ मध्ये सुरू झाली. तिच्यातील सात मुले बागेतील एका शेडमध्ये जमतात. त्यांचे स्वतःचे बिल्ले आहेत आणि परवलीचा शब्द सांगितल्यावाचून कोणालाही आत प्रवेश नाही. तो शब्द शोधून काढण्यासाठी एका मुलाची बहीण सारखी धडपडत असते. हे गुपित निरुपद्रवी आहे. त्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही. फक्त ‘आपण सातजण’ ही भावना दृढ होते. मराठी वाचकांना भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे आणि त्याचा मित्र सुभाष देसाई यांची जोडी आठवेल. मोठी माणसे ज्यावर विश्वास ठेवणार नाहीत, ते आधी मित्राला सांगावे, हा या साऱ्या कथांचा अलिखित नियम आहे.

दुसरी पायरी थोडी अवघड आहे. जर्मन लेखक एरिख केस्टनर यांची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान गावातला एमिल आजीकडे बर्लिनला निघतो. आईने काबाडकष्ट करून साठवलेले १४० मार्क त्याच्या खिशात आहेत. आगगाडीत त्याला झोप लागते आणि ते पैसे चोरीला जातात. खरे तर त्याने तत्काळ पोलिसांकडे जायला हवे. पण तो जात नाही. कारण गावातील एका पुतळ्याला त्याने रंगाने नाक आणि मिशा काढलेल्या आहेत आणि त्याबद्दल आपल्याला पकडतील, अशी त्याला धास्ती आहे. गुपित अगदी क्षुल्लक. पण त्याच्यामुळे हा मुलगा ऐन संकटात निराधार होतो. लपवलेल्या छोट्या चुकीचा फायदा मोठा गुन्हेगार कसा घेतो, हे केस्टनरने येथे सहजपणे दाखवले आहे.

एमिलला वाचवतो तो गुस्टाफ नावाचा एक अनोळखी मुलगा. पोलिसांकडे जाता येत नाही, एवढे कळल्यावर तो तपशील खोदत बसत नाही. तो आपले सवंगडी गोळा करतो. त्यांतला एक लहानगा तर कंटाळा न करता दूरध्वनीपाशी बसून राहतो, निरोपांची देवाणघेवाण करण्यासाठी! गुपिताचे ओझे वाटून घेतले की ते हलके होते, ही या कथेची शिकवण. येथे मैत्री म्हणजे नुसते गप्प राहणे नव्हे. बरोबर उभे राहणे आहे.

तिसरी पायरी सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाची. मार्क ट्वेन यांची ‘टॉम सॉयर’ ही कादंबरी १८७६ सालची. टॉम आणि हक हे दोघे मित्र मध्यरात्री स्मशानात जातात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एका डॉक्टरचा खून होतो. खून करणारा जो नावाचा माणूस बेशुद्ध पडलेल्या मफ पॉटरच्या हाती सुरा ठेवतो. शुद्धीवर आलेल्या पॉटरला वाटते, हे कृत्य आपणच केले. भेदरलेली मुले पळतात, लाकडाच्या तुकड्यावर शपथ लिहितात आणि रक्ताने आपली आद्याक्षरे उमटवून आजन्म मौन पाळण्याचे वचन एकमेकांना देतात.

पुढे पॉटर तुरुंगात पडतो. मुले गजांतून त्याला तंबाखू आणि काडेपेटी नेऊन देतात. सारे गाव आपल्याला विसरले, पण ही मुले विसरली नाहीत, म्हणून तो बिचारा त्यांचे आभार मानतो. ती कृतज्ञता मुलांना शिक्षेहून जड जाते. अखेर टॉमला राहवत नाही. तो रात्री वकिलाच्या घरी जाऊन सारे सांगतो आणि न्यायालयात साक्ष देतो. निरपराध माणसाचा जीव वाचतो. पण शपथ मोडल्यामुळे हकचा माणसांवरचा विश्वास जवळजवळ उडून जातो.

टॉमने विश्वासघात केला काय? माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे. शपथ दोघांची होती. तिची किंमत मात्र तिसराच माणूस मोजत होता. मफ पॉटर त्या शपथेत सहभागी नव्हता. त्याची संमती कोणी घेतली नव्हती. ज्या वचनाची शिक्षा वचन न देणाऱ्याला भोगावी लागते, ते वचन पाळण्यात कसलाही मोठेपणा नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. ब्रिटिश लेखिका होली जॅक्सन यांची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ ही कादंबरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सॅल सिंग या भारतीय वंशाच्या तरुणाला सारे गाव खुनी ठरवून मोकळे झाले आहे. तो स्वतः हयात नाही. त्या रात्री तो आमच्याबरोबर होता, असे त्याच्या मित्रांनी प्रथम सांगितले आणि नंतर जबानी फिरवली. का फिरवली? कारण एका जुन्या अपघाताचे गुपित त्यांनी मिळून दडवले होते आणि ते कोणाला तरी कळले होते. शोध घेणारी पिप ही शाळकरी मुलगी सॅलच्या धाकट्या भावाच्या मदतीने या सत्यापर्यंत येते, तेव्हा तिला कळते की, त्या मित्रांमध्ये आपल्या जिवलग मैत्रिणीची थोरली बहीणही आहे. सत्याची वाट आता मैत्रिणीच्या दारावरून जाते.

सॅलचे मित्र सगळेच दुष्ट होते असे नव्हे. ते घाबरलेले होते. अशा गुपितामुळे माणसे एकत्र राहतात, हे खरे. पण ती मैत्रीमुळे नव्हे, तर भीतीमुळे. भीतीने बांधलेली माणसे एकमेकांची मित्र राहत नाहीत. ती एकमेकांची पहारेकरी होतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. मित्राने सांगितलेली गोष्ट आपण दुसऱ्याला सांगू लागलो, तर उद्या आपल्यापाशी मन कोण मोकळे करील? ज्याच्या तोंडी तीळ भिजत नाही, अशा माणसाला मित्र मिळत नाहीत, हे अनुभवाचे सत्य आहे. मित्राच्या घरची गरिबी, आईवडिलांमधील वाद, परीक्षेतील अपयश किंवा मनातील ओढ या गोष्टी त्याच्या आहेत. त्या चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणूनच प्रत्येक गुपिताबाबत दोन प्रश्न विचारावेत : या मौनामुळे रक्षण कोणाचे होते? आणि त्याची किंमत कोण मोजतो? केवळ मित्राच्या प्रतिष्ठेचे रक्षण होत असेल आणि कोणाचीच हानी होत नसेल, तर ओठ शिवून ठेवावेत. पण एखादा निरपराध भरडला जात असेल, किंवा स्वतः मित्रच संकटात असेल, तर बोलणे हेच मित्राचे कर्तव्य होय.

संस्कृत कवी भर्तृहरीने नीतिशतकात सन्मित्राची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत मित्राची गुह्ये झाकावीत, असे एक लक्षण आहेच. परंतु ते पहिले नाही. पापापासून परावृत्त करणे आणि हिताकडे वळवणे ही लक्षणे त्याने आधी सांगितली आहेत. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी मित्राचे हित. त्या हिताच्या मर्यादेत त्याचे गुपित.

आजच्या काळात तर हा विवेक अधिकच आवश्यक झाला आहे. मोबाइलवरील एखाद्या छायाचित्राच्या आधारे कोणी मैत्रिणीला धमकावत असते, घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाकडून मित्राचा छळ होत असतो, कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखवते आणि वर बजावते, “कोणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.” अशा शपथेचा लाभ मित्राला होत नाही, छळणाऱ्याला होतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमानुसार अशा अपराधाची माहिती असूनही ती न कळवणे हा प्रौढांसाठी गुन्हा आहे. मात्र गप्प राहिलेल्या बालकाला त्यासाठी शिक्षा नाही. मुलाच्या मौनामागे भीती असते, हे कायद्यालाही समजते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, हेही प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

अर्थात सांगणे वेगळे आणि बोभाटा करणे वेगळे. टॉम गावभर सांगत सुटला नाही; तो जबाबदार माणसाकडे गेला. साक्षीच्या वेळी तो सोबत्याचे नाव घेऊ लागला, तेव्हा वकिलाने त्याला थांबवले आणि हकचे नाव गुप्त राहिले. टॉमचे एकच चुकले : त्याने हकला आधी विश्वासात घेतले नाही. “हे ओझे मला एकट्याला पेलत नाही, आपण दोघे मिळून सांगू,” एवढे तो म्हणाला असता, तर हकचे मन दुखावले नसते. पुढे याच हकला एका विधवा बाईवर येऊ घातलेले संकट कळते, तेव्हा तोही मौन सोडतो. एका वृद्ध शेजाऱ्याचे दार ठोठावून तो सारे सांगतो. फक्त आपले नाव उघड करू नका, अशी विनवणी करतो. तो वृद्धही त्या वेळी दिलेला शब्द पाळतो. एकाच प्रसंगात एक गुपित योग्य कारणासाठी उघड झाले आणि दुसरे योग्य कारणासाठी राखले गेले.

रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो आणि आपण पुस्तक मिटतो. जीवनात मात्र असे शेवटचे पान नेमके केव्हा येईल, ते सांगता येत नाही. म्हणून कोणी विश्वासाने आपल्या कानाशी लागले, तर त्याचे ऐकावे, त्याचा मान राखावा. आणि त्या गुपिताखाली कोणी चिरडला तर जात नाही ना, हेही पाहावे. काच फुटली तेव्हाची आळीमिळी गुपचिळी आपण हसत आठवू. पण माणूस मोडत असताना ती पाळू नये. कारण त्या क्षणी मौन पाळणारा मित्र मित्र राहत नाही.

विचार करा

१. ‘शपथ दोघांची होती, तिची किंमत मात्र तिसराच माणूस मोजत होता,’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. सांगणे आणि बोभाटा करणे यांतील फरक लेखकाने कोणत्या उदाहरणांनी दाखवला आहे?

३. ‘मित्राचे गुपित कोणत्याही परिस्थितीत फोडू नये’ या मताच्या बाजूने किंवा विरुद्ध तुमचे विचार दहा-बारा ओळींत लिहा.