करमुक्त खाते : भाव नंतर विचारा, आधी गरज पाहा

मार्चअखेर जवळ आली की बाजारात चहाच्या टपरीपासून गादीपर्यंत एकच चौकशी सुरू होते. करमुक्त खाते कोणते चांगले? दर पक्का आहे का? आणि अडीअडचणीला पैसे निघतात का? आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. ताका घेताना आधी पन्हा पाहतो, सूत पाहतो, वजन पाहतो आणि मग भावावर येतो. बचतीचे खातेही असेच पारखून घ्यावे, असे आमचे मत आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. कर नाही, दर पक्का आणि पैसा हवा तेव्हा हातात, हे तिन्ही गुण पहिल्या दिवसापासून देणारे एकही खाते आपल्या देशात नाही. बँकेच्या मुदत ठेवीत दर पक्का असतो आणि थोडे नुकसान सोसून ती मोडताही येते. पण व्याज करपात्र आहे. बचत खात्यातून पैसा केव्हाही निघतो, पण दर नावापुरता. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे म्हणजे पीपीएफचे व्याज पूर्ण करमुक्त आहे, पण पैसा वर्षानुवर्षे बांधला जातो. तेव्हा तिन्हींपैकी आपल्याला कशाची गरज आहे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

दुसरा प्रश्न, आपल्याला कर लागतो का? २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत सवलतीमुळे १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. आमचे कित्येक विणकर, शिलाई कारागीर आणि छोटे दुकानदार याच मर्यादेत बसतात. ज्याला करच नाही, त्याला 'करमुक्त' या शब्दाचे काय अप्रूप? त्याने दोन्हीकडचा दर आणि पैसा काढण्याची सोय एवढेच पाहावे. उलट जो ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्याला ७ टक्क्यांच्या ठेवीतून कर आणि उपकर जाऊन हातात पाच टक्केसुद्धा उरत नाहीत. त्याच्यासाठी पीपीएफ निश्चितच किफायतीचे. मात्र भरलेल्या रकमेवरची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत केवळ व्याज करमुक्त राहते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट दराची. पीपीएफचा दर पक्का असतो, हा बाजारातील गैरसमज आहे. सरकार दर तिमाहीला तो जाहीर करते आणि नवा दर जुन्या शिलकेलाही लागू होतो. जानेवारी २००० पर्यंत हा दर १२ टक्के होता. मार्च २००३ मध्ये तो ८ वर आला. १ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के झाला आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिला. म्हणून पंधरा वर्षांचा हिशेब आजच्या दराने मांडून कोणी मोठा आकडा दाखवला, तर तो अंदाज समजावा, वायदा नव्हे.

एक बारकावा मात्र पैशाचा आहे. व्याज धरताना महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरतात. ६ तारखेला भरलेल्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज गेले. ७.१ टक्के दर कायम राहिला असे धरून दरमहा हजार रुपये भरले, तर पंधरा वर्षांत सुमारे ३ लाख १५ हजार होतात. तेच १२ हजार दरवर्षी ५ एप्रिलच्या आत एकरकमी भरले, तर सुमारे सव्वातीन लाख. वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात आणि कमाल दीड लाख. किमान रक्कम चुकली की खाते बंद पडते आणि ते दंड भरून सुरू करेपर्यंत कर्जही मिळत नाही, पैसेही काढता येत नाहीत.

आता पैसा काढण्याविषयी. खाते उघडले ते पहिले आर्थिक वर्ष धरले, तर तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दोन वर्षांपूर्वीच्या शिलकेच्या पाव हिश्श्याइतके कर्ज मिळते. सातव्या वर्षापासून वर्षातून एकदा पैसे काढता येतात. चार वर्षांपूर्वीची आणि गेल्या वर्षाअखेरची शिल्लक, यांत जी कमी तिच्या निम्म्यापर्यंत. खरी मोकळीक मिळते ती मुदत संपल्यावर. त्यानंतर नवी रक्कम न भरता खाते चालू ठेवले, तर शिलकेवर करमुक्त व्याज मिळत राहते आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम उचलता येते. म्हणजे झाड लावून पंधरा वर्षे थांबणाऱ्यालाच ही सावली.

मग हंगामाचा माल भरायला लागणारा पैसा इथे ठेवावा का? मुळीच नाही. रमजान, दिवाळी, लग्नसराई यांची खरेदी आणि अडकलेली उधारी यासाठी लागणारे भांडवल चालू खात्यात किंवा छोट्या मुदतीत असावे. पीपीएफमध्ये जावा तो घरचा पैसा, दुकानाचा नव्हे.

आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने या खात्याचा सर्वांत मोठा गुण कर हा नाहीच. खातेदाराच्या देण्यापोटी कोर्टाच्या हुकूमनाम्यानेही या रकमेवर जप्ती येत नाही. आमच्या धंद्यात एखादी मोठी पार्टी बुडाली की मागे दहा दुकाने हलतात. गाळा जातो, माल जातो, बायकोचे दागिने जातात. अशा वेळी मुलांच्या शिक्षणाचा आणि म्हातारपणाचा एक कोपरा शाबूत राहतो. ही सवलत कर्ज बुडवण्यासाठी नाही. घेतलेले देणे फेडणे ही जबाबदारी राहतेच. पण घर उघड्यावर न येता माणूस पुन्हा उभा राहिला, तरच तो ते फेडू शकेल.

एक प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात असणारच. हे सारे व्याजाचे आहे, त्याचे काय? आमच्यापैकी अनेकजण व्याजाचा पैसा घरात आणत नाहीत आणि त्या भावनेचा आम्हाला आदर आहे. त्याचा निर्णय ज्याने त्याने जाणत्या आलिमांना विचारून करावा; व्यापाराच्या पानावर फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र एक इशारा देणे आमचे काम आहे. व्याज टाळायचे म्हणून 'हलाल नफा' देणाऱ्या खासगी योजनांत डोळे झाकून पैसे टाकू नयेत. बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही पेढी २०१९ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. खऱ्या भागीदारीत नफ्याबरोबर तोटाही असतो. दरमहा न चुकता नफा देतो म्हणणाऱ्याला वही दाखव म्हणावे.

थोडक्यात, कर लागत असेल, पंधरा वर्षे हात न लावता येईल असा घरचा पैसा असेल आणि व्याजाबाबत मनाचा निर्णय झालेला असेल, तर पीपीएफ उघडावे. तीनपैकी एक गोष्ट बसत नसेल, तर शेजाऱ्याने उघडले म्हणून आपण उघडू नये. शेजाऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या अंगाला बसत नाही, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी सांगायला नको.