सरहद्द आणि शेगडी

21 मार्च हा आंतरराष्ट्रीय वन दिन. अशा दिवशी कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाचे उपग्रहचित्र कुठे ना कुठे झळकतेच. पूर्वेला हिरवेगार डॉमिनिकन प्रजासत्ताक, पश्चिमेला बोडक्या डोंगरांचा हैती, आणि दोहोंमधली सरहद्द आकाशातूनही ओळखू येणारी. एकाने जंगल राखले, दुसऱ्याने खाल्ले, असा निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह ते पाहून होतोच.

आकडेही त्याच बाजूने साक्ष देतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे वनक्षेत्र 1990 मध्ये सुमारे 33 टक्के होते, ते तीस वर्षांत 44 टक्क्यांवर गेले. हैतीचे घटत साडेबारा टक्क्यांच्या आसपास आले. गंमत अशी, की याच संघटनेच्या 2015 च्या अहवालात हैतीचे जंगल चार टक्केही नव्हते. पाच वर्षांत तिथे झाडे तिप्पट झाली नाहीत, हिशेब बदलला. 2018 मधल्या एका संशोधनाने फक्त अस्सल, कुऱ्हाड न लागलेले जंगल मोजले, तर ते अर्धा टक्काही भरले नाही. यावर आपण हसण्यात अर्थ नाही. आपल्या वन सर्वेक्षणात सलग एक हेक्टरवर दहा टक्के झाडोरा असला, की कोकणातली आंबा-काजूची बागही वनाच्छादनात जमा होते.

तरीही तफावत खरी आहे. तिचा काही भाग निसर्गाने दिलेला: पावसाचे वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे डॉमिनिकन डोंगरांना अधिक पाणी मिळते. काही भाग इतिहासाने. गुलामांनी बंड करून 1804 मध्ये स्वतंत्र केलेल्या हैतीकडे फ्रान्सने 1825 मध्ये युद्धनौका पाठवून 15 कोटी फ्रँकची भरपाई मागितली, तीही गुलाम गमावलेल्या मालकांसाठी! पुढे ती रक्कम कमी झाली. पण तिच्यापायी काढलेल्या कर्जाचे हप्ते विसाव्या शतकातही चालू होते. त्या काळात महोगनी आणि रंगाचे लाकूड जहाजे भरभरून युरोपला गेले.

पलीकडे होआकिन बालागेर या राष्ट्राध्यक्षाने 1967 मध्ये व्यापारी वृक्षतोड बंद केली, लाकूडगिरण्यांना टाळे ठोकले आणि वनरक्षणाचे काम लष्कराकडे सोपवले. विरोधकांच्या हत्या हीही याच राजवटीची ओळख, तेव्हा त्याला वनमहर्षी म्हणून ओवाळायचे कारण नाही. शिवाय बंदुकीने लाकूडतोड्या थांबतो, चूल थांबत नाही. आमच्या मते निर्णायक ठरला तो 1980 च्या दशकातला स्वयंपाकाचा गॅस. सरकारने अनुदान देऊन तो स्वस्त केला आणि डॉमिनिकन घरांतून कोळसा हद्दपार होत गेला.

हैतीत तो गेला नाही. रायगडमधली कातकरी कुटुंबे लावतात तशाच भट्ट्या तिथे लागतात: लाकडे रचायची, पालापाचोळा आणि मातीने लिंपायची, आत हवा फार जाऊ न देता दिवसेंदिवस धुमसू द्यायची, मग कोळसा पोत्यांत भरून राजधानीकडे. लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा भट्टीतच वाया जाते. पण पीक बुडाले, मुलाची फी भरायची आहे, अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारा माल दुसरा नाही. हा कोळसा आता डॉमिनिकन हद्दीतल्या सुक्या रानांतही पाडला जातो आणि चोरवाटांनी हैतीत पोहोचतो. म्हणजे त्या छायाचित्रातली हिरवी बाजूही हैतीच्या शेगड्यांना जळण पुरवते.

यावर उपाय ठाऊक आहे, तो परवडत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये हैती सरकारने तिजोरीचे कारण देऊन इंधनावरचे अनुदान कापले. पेट्रोल दुपटीहून महाग झाले, रस्ते पेटले, टोळ्यांनी मुख्य इंधनसाठ्याची नाकेबंदी केली. बातम्या पेट्रोलच्या रांगांच्या झाल्या. त्याच फतव्यात रॉकेलही महागले होते.